वाऱ्याने यावे कुठून?

आमच्या बिद्रीला वाऱ्याचा तोटा नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या या खोऱ्यात पश्चिमेचा वारा एकदा सुटला की गणपती उठेपर्यंत पाठ सोडत नाही. उसाचे फड रात्रभर सळसळत असतात, आणि एकाच्या दोरीवरचा टॉवेल दुसऱ्याच्या परड्यात कधी जाऊन पडेल याचा नेम नसतो. अशा या गावात वैशाखातल्या रात्री माणसे घर सोडून गच्चीवर निजायला जातात. का, तर घरात वारा नाही! जन्माची कमाई आणि वर सोसायटीचे कर्ज घालून घर बांधावे, आणि झोपण्यासाठी त्याच घराच्या डोक्यावर जाऊन पडावे, हा प्रकार आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे कोणाला हसूही येत नाही आणि रागही येत नाही.

मला राग येतो. आणि तो घर बांधणाऱ्या शेतकऱ्याचा नाही, गवंड्याचा तर मुळीच नाही. घरात हवा खेळती कशी ठेवावी, आणि कमीत कमी वीज जाळून घर सुखाचे कसे करावे, हे ज्ञान जगात आहे. भरपूर आहे. ते राष्ट्राराष्ट्रांतून फिरते, परिषदांतून वाचले जाते, त्याचे जाडजूड ग्रंथ होतात. विद्वान लोक त्याला वायुवीजन म्हणतात. आमच्याकडे ‘हवा खेळती राहणे’ म्हणतात, आणि माझ्या मते हा शब्द अधिक चांगला आहे. ज्ञानाची देवाणघेवाण चालली आहे म्हणून जे ढोल वाजतात, त्या देवाणघेवाणीत बिद्री कुठे आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ साली सांगून ठेवले की माणसे बसतात त्या खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भागाच्या वर जाऊ देऊ नये. तेवढे झाले की हवा शिळी झाली असे समजावे. पुढे १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा नळ आवळला आणि श्रीमंत राष्ट्रांची पाचावर धारण बसली. त्यांची घरे थंडीत शेकोटीवर जगणारी. फटीफटीतून ऊब निसटत होती आणि तिच्याबरोबर पैसा. तेव्हा त्यांनी फटी बुजवायला घेतल्या. १९७४ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली, आणि तिच्या आश्रयाने १९७९ साली ‘एअर इन्फिल्ट्रेशन सेंटर’ नावाचे केंद्र इंग्लंडात निघाले. नावातच त्याचे दुखणे आहे: चोरपावलांनी घरात शिरणारा वारा! पुढे फटी इतक्या बुजल्या की आतल्या माणसांची डोकी दुखू लागली, डोळे चुरचुरू लागले. इमारतच आजारी आहे असे डॉक्टर म्हणू लागले. मग त्या केंद्राच्या नावात ‘व्हेंटिलेशन’ हा शब्दही आला, आणि घर घट्ट बांधा पण हवा मोजून आत घ्या, असा उपदेश सुरू झाला. चार दशकांहून अधिक काळ ही मंडळी एकमेकांना आपले अनुभव सांगत आहेत. त्यातले बरेचसे आज कोणालाही फुकट वाचता येते. मला त्यांचे कौतुकच वाटते. आपल्या दुखण्यावर औषध शोधावे आणि ते शेजाऱ्याला सांगावे, यापरते शहाणपण दुसरे कोणते?

पण ते त्यांच्या दुखण्यावरचे औषध. आम्ही काय केले? दुखणे नसताना औषध घेतले, आणि तेही अर्धेच! कोल्हापुरापासून तालुक्याच्या गावापर्यंत आता काचेच्या तोंडाच्या इमारती उठत आहेत. काच बंद, खिडकी उघडण्याची सोय नाही, आत थंड हवेचे यंत्र. अशाच एका कचेरीत मी परवा कामासाठी दोन तास बसलो होतो. वीज गेली, आणि पंधरा मिनिटांत साहेबांसकट सगळे रस्त्यावर आले. बाहेर झकास वारा सुटला होता. घट्टपणा तेवढा परदेशातून आला. हवा मोजून आत घेण्याचे यंत्र मात्र तिकडेच राहिले, कारण त्याला पैसे पडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण शिकलेल्या माणसांतही तिच्याविषयी गैरसमज आहे. छताचा पंखा हवा बदलत नाही, आहे तीच फिरवतो. घराघरांत बसणारे ते भिंतीवरचे थंड हवेचे यंत्रही बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून, गार करून परत सोडते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या. दोन माणसे झोपलेली. एक माणूस झोपेत तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोलीत हवा सुमारे २८ हजार लिटर. खोली अगदी घट्ट बंद धरली तर तासाला दहा लाखांत आठशेच्या वर भाग भर पडते. बाहेरच्या हवेत मुळात दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतात. म्हणजे पेटेनकोफरसाहेबांची मर्यादा पहिल्या तासातच मागे पडली. खरी खोली इतकी घट्ट नसते हे कबूल, पण फटी बुजवण्यात आपण दिवसेंदिवस पटाईत होत चाललो आहोत. सकाळी डोके जड का होते याचे उत्तर पुष्कळदा उशाशी नसते, खिडकीच्या कडीत असते. आणि या गार शिळेपणासाठी दीड टनाचे यंत्र चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास वीज ओढते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या वीस पंख्यांएवढी. नवे पंखे तर तीसेक वॅटवर चालतात. देशाची गारव्याची भूक २०३७-३८ पर्यंत वीस वर्षांत आठपट होईल असा अंदाज २०१९ च्या सरकारी शीतलन आराखड्यातच दिला आहे. ती वीज कोठून आणायची याची चर्चा रोज होते. घरच कमी तापेल असे बांधावे, ही चर्चा किती होते?

आता कोणी म्हणेल, मास्तर जुन्या घरांचे पोवाडे गाणार. मुळीच नाही. शहरात राहून मातीच्या भिंतींवर गहिवरणाऱ्यांची मला चीड आहे. त्यांनी एकदा मृगाच्या तोंडावर कौले चाळायला वर चढावे, आणि आषाढात गळक्या माजघरात पातेली मांडत बसावे. जुने घर अंधारे होते, उंदरांचे होते, आणि स्वयंपाकघर तर धुराचे कोठार होते. माणसांनी स्लॅब पसंत केला यात त्यांचे काही चुकले नाही. स्लॅब गळत नाही, त्यावर मिरच्या वाळतात, पुढे मजला चढवता येतो, मुलीच्या सोयरिकीत घराला मान मिळतो. चुकले ते हे, की घराचे छप्पर बदलले तेव्हा त्याबरोबर काय काय बदलावे लागेल हे कोणी त्यांना सांगितले नाही.

कौलारू छप्पर फटीफटीचे असते. आत तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाते. तिच्या जागी खालून दारातून गार हवा येते. कोणी मुद्दाम योजले नाही तरी हे आपोआप घडत होते. स्लॅबला फट नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीनंतर ते खाली सोडू लागतो. म्हणून बाहेर गार झाले तरी रात्री नऊ-दहाला खोली भट्टीसारखी असते, आणि पंखा लावला की तीच भट्टी अंगावर येते. छपरातून उष्णता किती झिरपते हे मोजण्याचे माप आहे: आतबाहेर एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात, ते पाहायचे. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर भरतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली राहत्या घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. तिने छपराला जास्तीत जास्त १.२ ची मर्यादा घातली, आणि उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्राच्या किती असाव्यात हेही सांगितले: उष्ण-दमट हवामानात सहावा हिस्सा, समशीतोष्ण हवामानात आठवा. उत्तम! पण ही संहिता लागू कोणाला? ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना! आमच्या गावठाणात तेवढ्या जागेवर चार भावांची घरे, गोठा आणि शेणकईचा ढीग असतो. म्हणजे ज्याच्यापाशी वास्तुविशारद आहे, पैसा आहे, यंत्र आहे, त्याला खिडकी किती ठेवावी याचा कायदा. आणि ज्याच्यापाशी खिडकीवाचून काहीच नाही, त्याला नशीब.

आमच्या एका जाणत्या गवंड्याला मी विचारले, खिडक्या समोरासमोर का ठेवत नाहीस? तो म्हणाला, “मास्तर, मालकच म्हंतोय, खिडकी ठिवली तर कपाट कुठं लावायचं? आन् पश्चिमंची झड आत येती ती निराळीच.” या उत्तरात दोन खऱ्या अडचणी आहेत. झडीला उपाय छज्जा आहे, पण दीड वितीचा नव्हे, चांगला दोन फुटांचा. वारा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. एकाच भिंतीला चार खिडक्या ठेवल्या तरी तो दारातल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरच घोटाळतो. समोरच्या भिंतीला छताजवळ नुसता झरोका ठेवला, तर कपाटाच्या डोक्यावरून वारा निघून जातो आणि कपाटही राहते. या तीन वाक्यांना परिषद लागत नाही. ग्रामीण घरकुल योजनेखाली गवंड्यांचे प्रशिक्षण चालते, त्याला प्रमाणपत्र मिळते. त्यात दोन दिवस हवेचे घातले तर कोणाची तिजोरी फुटणार आहे? २०१६ पासूनच्या या योजनेतले घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे. एवढ्या जागेत खिडकी चुकली म्हणजे सगळेच घर चुकले.

परदेशी ज्ञान गावात रुजत नाही, असे मात्र मला कोणी सांगू नये. ज्या मंगळुरी कौलाला आपण गावाकडचे कौल म्हणून उमाळे काढतो, ते मुळात कोठले? युरोपात आल्सासमधल्या झिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणारे सपाट कौल १८४० च्या सुमारास काढले. बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या मातीतून तसली कौले पाडायचा कारखाना घातला. ते कौल कोकण, घाट, देश सगळीकडे असे पसरले की आज त्याचे परकेपण सांगूनही पटत नाही. का पसरले? त्याचे व्याख्यान कोणी दिले नाही. ते भट्टीवाल्याच्या साच्यात उतरले, सुताराच्या रिपांवर बसले, बैलगाडीत मावले. ज्ञान असे हाताला लागावे लागते. आणि गंमत पाहा: लॉरी बेकर हा इंग्रज वास्तुविशारद केरळात येऊन राहिला आणि तिथल्या गवंड्यांकडून शिकत शिकत त्याने टाकाऊ मंगळुरी कौलेच स्लॅबच्या पोटात घालायला सुरुवात केली. स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीटचे फारसे काम नसते तिथे कौलांची जोडी ठेवायची. सिमेंट वाचते, वजन घटते, आणि दोन कौलांमधल्या पोकळीमुळे उष्णताही कमी झिरपते. अर्थात हे काम इंजिनिअरला विचारून करायचे. आमच्या गावात जुनी घरे पाडल्यावर कौलांचे ढीग परड्यात बाभळीखाली पडून आहेत. त्यांवर शेवाळ चढले आहे, आणि शेजारीच नव्या घराचा स्लॅब भरला जात आहे.

देवाणघेवाण म्हटली की घेणे आले तसे देणेही आले. आणि देण्यासारखे आमच्यापाशी पुष्कळ आहे. आम्हीच ते कधी मोजले नाही. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर मोजणीची उपकरणे लावली आणि १९८३ साली निष्कर्ष छापले. त्या धुरातले विष शहरांच्या धुरांड्यांनाही लाजवील असे निघाले. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे कारखाना आणि मोटार, अशी जगाची समजूत होती. जगाला तो धडा आमच्या चुलीपाशी मिळाला. घरातल्या धुराने २०२० साली जगात ३२ लाख माणसे अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस आला. पण पाणी तापवायला आणि सिलिंडर संपला की भाकरीला चूल आहेच. नव्या स्लॅबच्या घरात ती चूल अधिक घातक, कारण कौलांतून निघून जाणारा धूर आता कोंडतो. धुराडे ठेवायचे तर स्लॅबला भोक पडते आणि घराची शोभा जाते म्हणे!

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या कचेऱ्यांत सहा हजारांहून अधिक उत्तरे गोळा करून २०१४ मध्ये दाखवून दिले की भारतीय माणूस युरोपच्या पुस्तकी मापात बसत नाही. खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर २९ अंशांच्या आसपासही त्याला बरे वाटते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते सूत्र घेतले गेले. हे मोठे काम झाले. पण ती कचेरीतली खुर्चीवर बसलेली माणसे होती. तव्यासमोर उभी राहून वीस भाकऱ्या थापणाऱ्या बाईला किती अंशांवर बरे वाटते, हे तिला कोणी विचारले आहे काय?

आमच्या गावात साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गावाला उत्सवाची कळा येते. उसाचे चिपाड जाळून वाफ होते, वाफेवर वीज होते. त्या बॉयलरला हवा किती लागते याचा हिशेब काटेकोर असतो. कमी पडली तर चिपाड अर्धवट जळते, जास्त झाली तर उष्णता चिमणीतून वाया जाते; त्यासाठी पंखे आहेत, मोजणीची यंत्रे आहेत, ती सांभाळायला पाळीपाळीने माणसे आहेत. गुऱ्हाळावरचा अडाणी म्हणवणारा गडीसुद्धा चुलवाणाच्या तोंडाशी जाळ पाहून सांगतो की आज ओढ कमी आहे. म्हणजे हवेची अक्कल गावात नाही असे नाही. चिपाड नीट जळावे म्हणून ती अक्कल आम्ही वापरतो. पोरे नीट झोपावीत म्हणून वापरत नाही.

आणि हे नुसते सुखाचे प्रकरण समजू नका. मुंबईत गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतीला इमारत इतकी खेटून बांधली की खालच्या मजल्यांवर दिवसाही ऊन-वारा पोचेना. २०१८ मध्ये पुढे आलेल्या पाहणीत अशा खोल्या आणि क्षयरोग यांचे नाते दिसून आले. ज्या मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून दोन इमारतींमध्ये उजेडाचा कोन किती असावा याचा नियम घातला गेला, त्याच मुंबईत हे घडले. २०२१ च्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने, दारे-खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, असे चित्रांसह सांगितले. तेव्हा साऱ्या देशाने खिडक्या उघडल्या. लाट ओसरली, खिडक्या लागल्या. आमच्या गावात त्या वर्षानंतर बांधलेल्या घरांकडे मी मुद्दाम पाहत असतो. त्या अनुभवाची खूण एकाही भिंतीवर मला दिसलेली नाही.

दिवाळी तोंडावर आली की भिंतींना रंग द्यायची गडबड उडते. ज्या स्लॅबवर सूर्य रोज आठ-दहा तास आग ओकतो, त्याला मात्र कोणी हात लावत नाही. पांढरा पृष्ठभाग नवा असताना उन्हाचे दहापैकी सात-आठ वाटे परत पाठवतो. काळवंडलेला स्लॅब त्यातले बहुतेक पिऊन टाकतो. अहमदाबादने २०१३ पासूनच्या उष्णता-आराखड्यात या पांढऱ्या छपरांना पुढे जागा दिली, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. त्यांच्याकडून एवढे तरी घ्यायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही.

माझे ग्रामपंचायतीला आणि शाळा व्यवस्थापन समितीला एवढेच मागणे आहे. येत्या मार्चमध्ये शाळेच्या एकमेकींशेजारच्या, सारख्या मापाच्या दोन खोल्या निवडाव्या. एकीच्या स्लॅबवर चुन्यात पांढरे सिमेंट मिसळून दोन हात द्यावेत, दुसरीला हात लावू नये. दोन्ही खोल्यांत सारख्या उंचीवर थर्मामीटर टांगावेत आणि सातवीच्या मुलांनी रोज दुपारी तीन वाजता आकडे मराठीत फळ्यावर लिहावेत. ज्याला घर बांधायचे आहे त्याने, आणि गवंड्यानेही, येता-जाता ते वाचावेत. महिन्याने तो तक्ता परिषदवाल्यांकडे पाठवून देऊ. त्यांच्या कपाटात बिद्रीचा एकही आकडा नसणार. थर्मामीटर मी देतो, चुनाही माझा. शिडी कोणाकडची आणायची तेवढे पाडव्याच्या आत ठरवावे.